तुपाच्या थेंबाला फुटल्या पारंब्या

नवीन औषध कुठे तयार होतं? तुम्ही म्हणाल, चकचकीत प्रयोगशाळेत. मग मुंबईतली ही गोष्ट ऐकाच.

१८९६ साली मुंबईत प्लेगची साथ आली. माणसं घरंदारं सोडून पळत सुटली. तेव्हा वाल्डेमार हाफकिन नावाचे शास्त्रज्ञ इथे आले. ते मूळचे ओडेसा शहरातले. भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात त्यांना मिळाली एक खोली, बाहेरचा व्हरांडा आणि मदतीला एक कारकून व तीन शिपाई. बस्स!

प्लेगचे जंतू वाढवायला त्यांनी काय वापरलं असेल? तूप! मांसाच्या पातळ रश्श्यावर तुपाचे थेंब तरंगत ठेवायचे. जंतू त्या थेंबांना खालून चिकटत आणि वाढत वाढत खाली लोंबू लागत, अगदी वडाच्या पारंब्यांसारखे. मग चंबू हलवायचा. पारंब्या तुटून तळाशी बसत आणि वर नव्या फुटत. असं पुन्हा पुन्हा. शेवटी सगळं तापवून जंतू मारून टाकायचे. ही झाली लस! मेलेले जंतू रोग देत नाहीत, पण आपलं शरीर त्यांना ओळखून ठेवतं आणि खरे जंतू आले की लढायला तयार असतं.

आधी सशांवर प्रयोग झाले. मग १० जानेवारी १८९७ ला हाफकिननी स्वतःलाच टोचून घेतलं. ताप आला, अंग दुखलं, पण ते ठणठणीत राहिले.

झालं का सिद्ध? छे! प्लेग तर सगळ्यांनाच होत नव्हता. मग हा लशीचा गुण की नुसतं नशीब?

त्याच महिन्याच्या अखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. तिथे जेवण सगळ्यांना सारखं, कोठड्या सारख्या. साधारण निम्म्या कैद्यांनी लस घेतली, बाकीच्यांनी नाही. लस न घेतलेल्यांपैकी १२ जणांना प्लेग झाला आणि ६ दगावले. घेतलेल्यांपैकी फक्त दोघे आजारी पडले, मेलं कुणीच नाही. ही तुलना मला त्या टोचणीपेक्षाही भारी वाटते. औषध न घेतलेली माणसं मोजली नाहीत, तर घेतलेल्यांचं काय कळणार? (कैद्यांवर असा प्रयोग करायला आज मात्र सहजासहजी परवानगी मिळणार नाही.)

आता तर नवं औषध आधी थोड्या माणसांना, मग शेकडो आणि पुढे हजारो लोकांना देऊन बघतात. भारतात ते विकायचं तर औषध महानियंत्रकांची मंजुरी लागते.

पण मंजुरी मिळाली म्हणजे संपलं असंही नाही बरं का! १९०२ मध्ये पंजाबातल्या मुल्कोवाल गावात १०७ जणांना हाफकिनची हीच प्लेगची लस टोचली. त्यातले १९ जण धनुर्वाताने गेले. सगळ्यांची लस एकाच बाटलीतली! बाटलीवर क्रमांक होता, म्हणून हे कळलं. ती उघडताना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता, त्यातूनच धनुर्वाताचे जंतू बाटलीत शिरले असावेत. दोष मात्र हाफकिनवर आला आणि तो पुसला जायला १९०७ साल उजाडलं.

परळला त्यांच्या नावाची हाफकिन संस्था आजही आहे.

आता एक काम करा. घरातली एखादी गोळ्यांची पट्टी आईबाबांकडून मागून घ्या. गोळी खायची नाही हं, फक्त वाचायचं! त्या बाटलीवरच्या क्रमांकासारखा बॅच नंबर बारीक अक्षरांत कुठे छापलाय, शोधा.