पोस्टमॉर्टेम म्हणजे शरीराची लॉग फाइल!

मी साकोली तालुक्यातल्या एकोडीचा. सर्व्हर क्रॅश झाला की आम्ही आधी लॉग वाचतो, मग चूक कोणाची ते ठरवतो. शवविच्छेदनही काहीसं तसंच.

कोपरापासून हातापर्यंत वार दिसले, तर माणूस बहुधा स्वतःला वाचवत होता. मनगटावर उथळ, समांतर चिरा असतील तर बहुधा आत्महत्येचा संशय येतो. काठीचा फटका त्वचेवर दोन समांतर रेषा उमटवतो आणि मधली पट्टी कोरी राहते. पाण्यात मृतदेह सापडला, तर आधी प्रश्न येतो: पाण्यात पडताना जीव होता का?

आमच्याच जिल्ह्यातल्या खैरलांजीत 29 सप्टेंबर 2006 ला भोतमांगे कुटुंबातल्या चौघांचा खून झाला. मृतदेह कालव्यात टाकले होते. पहिल्या पोस्टमॉर्टेमवर आक्षेप आले, म्हणून पुरलेले मृतदेह काढून पुन्हा तपासणी झाली. पण शरीर कुजतं, पुरावे जातात. लॉग ओव्हरराइट झाल्यावर रिकव्हरी टूल काय करणार? खून सिद्ध झाले, बलात्काराचा आरोप मात्र कोर्टात उभा राहिला नाही.

1 जुलै 2024 पासून नवा कायदा आला. सात वर्षं किंवा जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात फॉरेन्सिक टीमने घटनास्थळी जाऊन मोबाइलवर वगैरे चित्रीकरण करायचं आहे. (राज्यांना तयारीसाठी पाच वर्षं दिलीत.) फाइल बदलली नाही हे हॅशवरून कळतं, एक बिट बदलला तरी हॅश वेगळा येतो.

व्हॉट्सॲप व्हिडिओ कॉम्प्रेस करतं, म्हणजे हॅश बदललाच. तुमच्या फोनमध्ये असा काही पुरावा असेल तर फॉरवर्ड करू नका, मूळ फाइलच पोलिसांना द्या.