सोने सापडण्यापूर्वीचा न्याय
घानाच्या माळरानावरील सुवर्णशोध आणि ख्रिस्ती विवेक

घरात विवाह ठरला की सोन्याची खरेदी ओघानेच येते. सोन्याचा भाव, घडणावळ, शुद्धता या साऱ्यांची आपण बारकाईने चौकशी करतो. मात्र हे सोने कोणाच्या भूमीतून आले, हा प्रश्न सहसा मनात येत नाही. भारत पश्चिम आफ्रिकेतील घाना या देशाकडून जो माल आयात करतो, त्यात सोन्याचा वाटा सर्वांत मोठा आहे. म्हणूनच तेथे सोन्याचा शोध कसा घेतला जातो आणि त्या शोधाचा तेथील माणसांवर काय परिणाम होतो, हे समजून घेणे अगत्याचे आहे.

घानाचा दक्षिण भाग अरण्यांचा, तर उत्तर भाग सवाना म्हणजे विरळ वृक्षांच्या गवताळ माळरानाचा आहे. येथे साधारणतः मे ते ऑक्टोबर एवढाच पावसाळा असतो. उरलेल्या काळात सहारा वाळवंटाकडून धुळीचे कोरडे वारे वाहतात. बाजरी, ज्वारी, भुईमूग आणि गुरे यांवर लोकांची गुजराण चालते. याच प्रदेशातील नावरोंगो येथे १९०६ साली ‘व्हाइट फादर्स’ या मिशनरी संघाने श्रद्धेचे बीज पेरले. तेथील मातीने बांधलेले कॅथेड्रल आणि स्थानिक स्त्रियांनी त्याच्या भिंतींवर केलेले नक्षीकाम आजही प्रसिद्ध आहे. त्या भूमीखाली दोनशे कोटी वर्षांहून जुने खडक आहेत आणि काही ठिकाणी त्यांत सोने दडलेले आहे.

परवाना कशाचा?

घानाच्या १९९२ च्या राज्यघटनेनुसार भूगर्भातील खनिजे जनतेच्या वतीने विश्वस्त म्हणून राष्ट्राध्यक्षांकडे निहित आहेत. जमीन एखाद्या कुळाची असली तरी तिच्या पोटातील सोने त्या कुळाचे नसते. खनिजासाठी शासनाचा परवाना लागतो.

२००६ च्या खनिज व खाणकाम कायद्याने मोठ्या उद्योगासाठी तीन पायऱ्या आखून दिल्या. पहिली प्राथमिक पाहणीची, दुसरी पूर्वेक्षणाची, म्हणजे प्रत्यक्ष शोधाची, आणि तिसरी खाणपट्ट्याची. पूर्वेक्षण परवाना प्रथम जास्तीत जास्त तीन वर्षांसाठी आणि अधिकाधिक ७५० खंडांसाठी देण्याची तरतूद या कायद्यात केली गेली. एक खंड २१ हेक्टरांचा धरला, तर हे क्षेत्र दीडशे चौरस किलोमीटरांहून अधिक भरते. एवढ्या विस्तारात कित्येक गावे, शेते, पाणवठे आणि स्मशानभूमी सामावलेल्या असतात.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. पूर्वेक्षण परवाना म्हणजे खाण काढण्याची मुभा नव्हे. तो केवळ शोधण्याचा अधिकार आहे. बहुतेक शोध निष्फळ ठरतात आणि कंपन्या निघून जातात. मोजक्याच ठिकाणी पुढे खाण उभी राहते.

शोधाची रीत

प्रथम विमानातून भूमीच्या चुंबकीय गुणधर्मांचे मोजमाप होते. त्यानंतर भूवैज्ञानिक आणि स्थानिक मजूर माळरानावर ठराविक अंतरावर मातीचे नमुने गोळा करतात. मात्र येथे अडचण असते ती जांभ्याची. आपल्या कोकणातल्याप्रमाणे येथेही जांभ्याचा कठीण थर अनेक ठिकाणी मूळ खडकाला झाकून टाकतो. अशा वेळी शोधकांच्या मदतीला वाळवी येते! ती खोलवरची माती वर आणून वारूळ रचते, त्यामुळे वारुळाच्या मातीत खालच्या खडकातील सोन्याची खूण सापडू शकते. हे नमुने प्रयोगशाळेत तपासले जातात. कोट्यवधी कणांत सोन्याचे काही कण एवढे सूक्ष्म प्रमाणही तेथे मोजता येते.

खूण आशादायक असेल तर चर खोदले जातात आणि कोरड्या ऋतूत छिद्रणयंत्रे येतात. शंभर-दोनशे मीटर किंवा त्याहूनही खोल छिद्रे पाडून खडकाचे नमुने काढले जातात. एक टन दगडात एक-दोन ग्रॅम सोने असले तरी उघड्या खाणीचा विचार होऊ शकतो. आपल्या बोटातील एका अंगठीमागे किती टन दगड फुटतो, याचा हिशेब ज्याने त्याने करावा.

अपर ईस्ट विभागातील नामदिनी येथे शोध यशस्वी झाला. एका ऑस्ट्रेलियन कंपनीने तेथील साठ्याचे मोजमाप केले, २०२१ मध्ये एका चिनी कंपनीने ती कंपनी विकत घेतली आणि २०२४ च्या अखेरीस तेथे पहिले सोने ओतले गेले. शोध करणारा एक, खाण चालवणारा दुसरा आणि सोने वापरणारा तिसराच. जागचे हलत नाहीत ते केवळ त्या भूमीवर राहणारे लोक.

गावाचा अनुभव

खाण सुरू झाल्यावर अन्यायाची चर्चा होते. परंतु अनेक गोष्टींचा निर्णय शोधाच्या काळातच होऊन गेलेला असतो. परवाना देण्यापूर्वी पारंपरिक प्रमुखाला आणि जिल्हा सभेला लेखी सूचना द्यावी, असे कायद्याने सांगितले. खाणकामाला अडथळा होत नसेल तर शेती आणि गुरेचराई चालू ठेवण्याचा हक्कही रहिवाशांना दिला. पिकाचे वा जमिनीचे नुकसान झाल्यास भरपाईची तरतूद केली. कागदावर हे सारे चांगले आहे.

पण सूचना प्रमुखाच्या हाती पडते; शिआच्या बिया वेचणाऱ्या स्त्रीच्या हाती नाही. शिआ हा या माळरानाचा कल्पवृक्ष होय. त्याच्या बियांपासून स्त्रिया लोणी काढतात, विकतात आणि मुलांच्या शाळेचा खर्च भागवतात. हा वृक्ष बहुधा कोणी लावत नाही, तो आपोआप उगवतो. आणि फळ धरायला त्याला पंधरा-वीस वर्षे लागतात. यंत्राला वाट करून देण्यासाठी असा वृक्ष तोडला, तर त्याचा मालक कोण आणि भरपाई कोणाला, हे आधी ठरवले नसेल तर नंतर ठरवणे दुरापास्त होते. गावाबाहेरची पवित्र देवराई आणि भूमीचा पारंपरिक पुरोहित ‘तेंदाना’ यांची नोंद नकाशावर नसते. न बुजवलेल्या चरात गुरे पडतात.

शोधाची यंत्रे जेथे दिसतात, तेथे सोने असणार या आशेने विनापरवाना खोदणारे तरुणही कधीकधी येतात. पारा वापरून सोने वेगळे करण्याच्या पद्धतीमुळे पाणी विषारी होते. परवाना हाती असला म्हणजे जीव सुरक्षित राहतो असेही नाही. जानेवारी २०१९ मध्ये त्याच विभागातील गबाने येथे खाणीतील स्फोटानंतरच्या विषारी वायूने १६ तरुण मृत्युमुखी पडले.

ख्रिस्तसभेचा आवाज

११ ऑक्टोबर २०२४ रोजी आक्रा महाधर्मप्रांताच्या पुढाकाराने बेकायदा खाणकामाविरुद्ध प्रार्थनायात्रा काढण्यात आली. नद्या गढूळ होत असताना मौन पाळणे हे श्रद्धेशी विसंगत आहे, ही त्यामागील भूमिका होती.

दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०१५ मधील ‘लाउदातो सी’ या परिपत्रकात सोन्याच्या खाणींमुळे होणाऱ्या पाऱ्याच्या प्रदूषणाचा उल्लेख केला आहे. प्रकल्पाचा आराखडा पक्का झाल्यावर नव्हे, तर त्यापूर्वीच पर्यावरणावरील परिणामांचा विचार व्हावा आणि त्या चर्चेत स्थानिक लोकांना विशेष स्थान असावे, असेही त्यांनी बजावले आहे. पूर्वेक्षणाच्या संदर्भात याचा अर्थ स्पष्ट आहे. गावाला विचारायचे ते पहिले छिद्र पाडण्यापूर्वी; सोने सापडल्यावर विचारणे म्हणजे केवळ उपचार.

खाणकाम सर्वथा पाप आहे, असे ख्रिस्तसभा म्हणत नाही. सोन्यातून रस्ते, दवाखाने आणि रोजगारही येऊ शकतात. परंतु सृष्टीतील संपदा सर्वांसाठी आहे, ही आपली शिकवण आहे. ज्यांच्या शेताखाली ती सापडते त्यांनाच वगळून तिचे वाटप होऊ शकत नाही.

ईयोबच्या पुस्तकातील अठ्ठाविसाव्या अध्यायात माणूस अंधार भेदून डोंगराच्या मुळापाशी पोहोचतो, याचे वर्णन येते आणि मग ज्ञान कोठे सापडेल, असा प्रश्न विचारला जातो. आपल्यापुरते त्याचे उत्तर साधे असू शकेल. आवश्यक तेवढेच सोने घ्यावे, जुने दागिने मोडून नवे घडवावेत, सराफाकडे सोन्याच्या उगमाची चौकशी करावी आणि घानाच्या माळरानावरील आपल्या बंधुभगिनींना प्रार्थनेत आठवावे. वेदीसमोर वधूवरांनी एकमेकांच्या बोटात घातलेल्या अंगठीमागे कोणाचे अश्रू नसावेत, एवढी काळजी घेणे हाही त्या संस्काराचा मान राखणेच आहे.