दोन संगणकांचा बुद्धिबळ सामना : निकाल कधी मानावा?

बुद्धिबळ खेळणाऱ्या दोन आज्ञावल्यांपैकी सरस कोणती, हे कसे ठरवावे? दोघींना एकमेकींशी खेळवावे, जिंकेल ती सरस, असे कोणीही सांगेल. उत्तर बरोबर आहे. पण असा सामना नीट घडवून आणणे आणि त्याच्या निकालाचा अर्थ लावणे वाटते तितके सोपे नाही.

१९६६-६७ मध्ये अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाची आज्ञावली आणि मॉस्कोतील एका भौतिकी संस्थेची आज्ञावली यांच्यात चार डाव झाले. प्रत्येक खेळी तारेने कळवली जाई, त्यामुळे सामना सुमारे नऊ महिने चालला. मॉस्को ३-१ असे जिंकले. तेव्हा खेळ्यांची ने-आण माणसे करत. आज ते कामही संगणकाकडे सोपवता येते.

त्यासाठी एक तिसरी, पंचाची आज्ञावली लागते. ती तारेने जोडलेल्या दोन्ही संगणकांशी एका ठरलेल्या भाषेत बोलते. ‘यूसीआय’ ही अशी भाषा २००० साली तयार झाली. पंच एका खेळाडूला आतापर्यंतच्या सर्व खेळ्या व दोघांचा उरलेला वेळ कळवतो आणि ‘विचार कर’ म्हणतो. उत्तर येते ते ‘ई२ई४’ अशा रूपात, म्हणजे ई२ घरातले मोहरे ई४ घरात. पंच खेळी नियमात बसते का ते पाहतो, घड्याळ थांबवतो आणि ती दुसऱ्याला कळवतो. मात, बरोबरी किंवा वेळ संपणे यांचा निर्णयही तोच देतो. रात्री सामना लावून झोपावे, सकाळी निकाल तयार!

मग एकाच संगणकावर दोघींना का खेळवू नये? जरूर खेळवावे. मात्र प्रतिस्पर्ध्याच्या वेळात विचार करण्याची सोय तेव्हा बंद ठेवावी लागते. नाहीतर एकीचा विचार दुसरीची गणनशक्ती खातो. दोन संगणक असले की ही अडचण उरत नाही, पण दुसरी उभी राहते. त्यांतला एक जलद असेल, तर त्यावरची आज्ञावली तेवढ्याच वेळात अधिक खोल पाहील. मग जिंकले कोण, आज्ञावली की यंत्र?

आणखी एक खोच आहे. सारखी स्थिती दिली की अनेकदा तीच खेळी निघते आणि जवळजवळ तोच डाव पुन्हा होतो. म्हणून सुरुवातीच्या काही खेळ्या आपणच ठरवून द्याव्यात. अशा प्रत्येक सुरुवातीचे चार डाव घ्यावेत : मोहऱ्यांचा रंग बदलून दोन आणि संगणकांची अदलाबदल करून पुन्हा दोन. पंचवीस सुरुवाती घेतल्या की शंभर डाव होतात.

इतके डाव कशाला? हे वर्गात करून पाहावे. ४० विद्यार्थ्यांनी प्रत्येकी १० वेळा नाणे उडवावे. सहा किंवा अधिक वेळा छापा सुमारे १५ जणांना मिळेल. त्यांची नाणी काही ‘सरस’ नसतात! म्हणजे दहा डावांतील ६-४ हा निकाल निव्वळ योगायोगाचाही असू शकतो. १०० वेळा उडवून ६० किंवा अधिक छापे मात्र ४० जणांत जेमतेम एखाद्यालाच मिळतील. बुद्धिबळात बरोबरीही होते, त्यामुळे हे आकडे जसेच्या तसे लागू होत नाहीत. मुद्दा मात्र तोच राहतो.

पण केवळ डावांची संख्या पुरत नाही. डिसेंबर २०१७ मध्ये ‘अल्फाझीरो’ने ‘स्टॉकफिश’विरुद्ध १०० पैकी २८ डाव जिंकले, ७२ बरोबरीत सोडवले आणि एकही गमावला नाही. हा योगायोग असे कोणी म्हटले नाही. आक्षेप होता तो अटींवर : प्रत्येक खेळीला ठरीव एक मिनिट आणि स्टॉकफिशला दिलेली अपुरी स्मृती. २०१८ मध्ये बदललेल्या अटींवरील १००० डावांचा निकाल प्रसिद्ध झाला. अल्फाझीरोचे विजय १५५, पराभव ६, बाकीचे बरोबरीत. आता दावा अधिक भक्कम झाला.

नवे खत असो, औषध असो वा शिकवण्याची पद्धत, ‘हे सरस आहे’ असे कोणी म्हटले की विद्यार्थ्यांनी दोन प्रश्न विचारावेत : बाकीच्या गोष्टी सारख्या होत्या का? आणि किती वेळा करून पाहिले? हे प्रश्न विचारण्याची सवय लागली, तर रात्रभर चाललेला तो सामना सार्थकी लागला, असे आम्ही समजू.