संकेतस्थळ उभारताना : भाग ३ – देवनागरी पत्ता

संकेतस्थळाचा पत्ता, म्हणजेच डोमेन नाव, देवनागरीत घेण्याची सोय भारतात २७ ऑगस्ट २०१४ पासून आहे. त्या दिवशी भारताच्या डोमेन नावांची व्यवस्था पाहणाऱ्या ‘निक्सी’ या संस्थेने ‘.भारत’ची नोंदणी सुरू केली. सुरुवातीच्या आठ भाषांमध्ये मराठी आणि कोकणीही होत्या. मात्र पत्ता देवनागरीत मिळाला, तरी ईमेल रोमनमध्येच राहिला तर काम अर्धेच होते. उरलेले अर्धे काम पुढे नेण्यात जयपूरचा वाटा मोठा आहे. तिथल्या डेटा एक्सजेन टेक्नॉलॉजीज या कंपनीने २०१६ मध्ये ‘डेटामेल’ ही भारतीय भाषांतील ईमेल सेवा आणली. डिसेंबर २०१७ मध्ये राजस्थान सरकारने नागरिकांना ‘राजस्थान.भारत’वर हिंदीतून मोफत ईमेल पत्ते द्यायला सुरुवात केली. कंपनीचे संस्थापक अजय डाटा पुढे सर्व लिप्यांतील पत्ते सर्वत्र चालावेत यासाठी झटणाऱ्या आंतरराष्ट्रीय सुकाणू गटाचे अध्यक्ष झाले.

डोमेन नावांची मूळ यंत्रणा रोमनची २६ अक्षरे, दहा अंक आणि संयोगचिन्ह अशी ३७ चिन्हेच ओळखते. ती बदलणे म्हणजे जगभरचे सर्व्हर बदलणे. म्हणून २००३ मध्ये ‘प्युनीकोड’ हा तोडगा निघाला. वाचकाने ब्राउझरमध्ये ‘भारत’ टाइप केले की ब्राउझर त्याचे ‘एक्सएन--एच२बीआरजे९सी’ असे रूपांतर करतो आणि सर्व्हरकडे रोमन लिपीतील ही खूणच जाते. नावाच्या एका भागाला ६३ चिन्हांची मर्यादा असते आणि ती या रूपांतरित खुणेला लागू होते. त्यामुळे संस्थेचे लांबलचक पूर्ण नाव पत्त्यात घालण्याचा मोह टाळावा.

मराठी नावांचा खरा कस लागतो तो लेखनात. ‘दऱ्या’ हा शब्द संगणकावर दोन प्रकारे लिहिता येतो. एका प्रकारात ‘ऱ’ला हलन्त लावून पुढे ‘य’ येतो. दुसऱ्यात साध्या ‘र’ला हलन्त लावून मध्ये एक अदृश्य जोडचिन्ह घालतात. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात. पण डोमेन नावांच्या जुन्या नियमांनुसार चालणारे सॉफ्टवेअर ते अदृश्य चिन्ह गाळून टाकते, आणि ‘दऱ्या’चा ‘दर्या’ होतो. डोंगरभटक्यांच्या मंडळाचा पत्ता असा समुद्राला जाऊन मिळतो! म्हणून नोंदणीसाठी ‘ऱ’ची पद्धतच वापरावी. ‘ॲ’चेही तसेच आहे. तो एक अखंड वर्ण म्हणून लिहिता येतो, तसाच ‘अ’वर अर्धचंद्र देऊनही. युनिकोडचे प्रमाणीकरण या दोहोंना एक मानत नाही. ऱ्हस्व-दीर्घाचा घोळ तर मराठी वाचकाला नवा नाही. त्यामुळे वेलांटी-उकार चुकण्याची शक्यता कमी असलेले नाव निवडणे हाच उत्तम उपाय. ते जमत नसेल तर नेहमी चुकणारे रूपही नोंदवून मूळ पत्त्याकडे वळवावे.

डोमेनच्या पुढचा, म्हणजे एकेका पानाचा पत्ता वेगळ्या पद्धतीने जातो. तिथे प्युनीकोड नसतो. देवनागरीचा प्रत्येक वर्ण तीन बाइटचा आणि प्रत्येक बाइट टक्क्याच्या चिन्हासह तीन चिन्हांत लिहिला जातो. ‘मराठी’ या पाच वर्णांच्या शब्दाची त्यामुळे ४५ चिन्हे होतात. एखाद्या मराठी लेखाचा दुवा व्हॉट्सअॅपवर चिकटवला की टक्क्यांची लांब माळ दिसते, ती यामुळेच. दुवा बिघडलेला नसतो, पण वाचणाऱ्याला तसे वाटते. पानांची नावे म्हणूनच दोन-तीन शब्दांची असावीत.

देवनागरी पत्ता घेतला तरी रोमन पत्ताही सोबत ठेवावा. परगावच्या संगणकावर मराठी कळफलक असेलच असे नाही. दोन्ही नावे एकाच सर्व्हरकडे वळवावीत, त्यातले एक मुख्य ठरवावे आणि सुरक्षा प्रमाणपत्रात दोन्ही नावे घालावीत; एखादे राहिले तर ब्राउझर वाचकाला धोक्याची सूचना दाखवून दारातूनच परत पाठवतो. डोमेन विकत मिळत नाही, ते ठरावीक मुदतीच्या भाड्याने मिळते. संस्थेची डोमेन नोंदणी एखाद्या हौशी कार्यकर्त्याच्या वैयक्तिक ईमेलवर केली आणि तो गाव सोडून गेला, की नूतनीकरणाच्या सूचना कुणाच्याच हाती पडत नाहीत आणि मुदत टळून नाव हातचे जाते. नोंदणी नेहमी संस्थेच्या नावे आणि संस्थेच्याच ईमेलवर असावी.

देवनागरी ईमेलसाठीचे तांत्रिक मानक २०१२ पासून तयार आहे. तरी अनेक संकेतस्थळांचे नोंदणी अर्ज ‘नाव@राजस्थान.भारत’ अशा धर्तीचा पत्ता अवैध ठरवतात, कारण अर्ज लिहिणाऱ्याने फक्त रोमन अक्षरांनाच परवानगी दिलेली असते. ही अडवणूक सर्व्हरची नाही, अर्जातल्या एका ओळीची आहे. नवे संकेतस्थळ खुले करण्यापूर्वी प्रत्येकाने आपल्या अर्जात एक देवनागरी पत्ता भरून पाहावा, आणि तो नाकारला गेला तर ती ओळ आधी दुरुस्त करावी.