भात खाचरातील मिथेन खाणारे जिवाणू

पाणी साचलेल्या भात खाचरात पाय रुतला की चिखलातून बुडबुडे वर येतात. या बुडबुड्यांत बराचसा मिथेन वायू असतो. गोबरगॅस संयंत्रात तयार होऊन चुलीत जळणारा वायू तो हाच. खाचरात मात्र तो जळत नाही, हवेत मिसळतो. शंभर वर्षांच्या हिशेबाने तेवढ्याच वजनाच्या कार्बन डायऑक्साइडपेक्षा मिथेन सुमारे २८ पट अधिक उष्णता धरून ठेवतो. त्यामुळे हवामान बदलाच्या चर्चेत भातशेतीचे नाव वारंवार येते. परंतु खाचरात तयार झालेला सगळाच मिथेन हवेत जात नाही. त्यातील काही भाग जमिनीतील जिवाणूच खाऊन टाकतात. शेतकरी बंधूंनो, या जिवाणूंना काम करू द्यावयाचे की नाही, हे बरेचसे आपल्या पाणी व्यवस्थापनावर ठरते.

मिथेन कसा तयार होतो?

चिखलणी करून पाणी भरल्यावर जमिनीतील प्राणवायू थोड्याच दिवसांत संपतो. मग प्राणवायूशिवाय जगणारे सूक्ष्मजीव पेंढा, धसकटे, हिरवळीचे खत व मुळांतून झिरपणारे पदार्थ कुजवितात आणि शेवटी मिथेन तयार होतो. ओला, न कुजलेला पेंढा जितका अधिक, तितका मिथेन अधिक. हा वायू तीन वाटांनी बाहेर पडतो : बुडबुड्यांतून, पाण्यात विरघळून आणि भाताच्या रोपातील पोकळ्यांमधून. पीक वाढल्यावर त्याचा मोठा हिस्सा रोपातूनच बाहेर जातो.

मिथेन खाणारे जिवाणू

मिथेन हेच अन्न असणारा जिवाणू १९०६ साली हॉलंडमधील सोन्गेन या शास्त्रज्ञाने प्रथम वेगळा केला. हे जिवाणू एका विशिष्ट विकराच्या साहाय्याने मिथेनचा प्राणवायूशी संयोग घडवितात. त्यातील काही कर्ब त्यांच्या शरीरवाढीसाठी वापरला जातो व उरलेला कार्बन डायऑक्साइड म्हणून बाहेर पडतो. म्हणजे त्यांना दोन गोष्टी एकाच ठिकाणी हव्यात : खालून येणारा मिथेन आणि वरून येणारा प्राणवायू.

अशी जागा खाचरात दोन ठिकाणी मिळते. एक म्हणजे पाण्याखालील मातीचा अगदी वरचा, काही मिलीमीटर जाडीचा थर. दुसरी म्हणजे भाताच्या मुळांचा पृष्ठभाग, कारण भाताचे रोप पानांतून मुळांपर्यंत हवा नेते व त्यातील थोडा प्राणवायू मुळांभोवती झिरपतो. तळी व दलदलींतही असेच घडते. गाळातून वर येणारा विरघळलेला मिथेन वाटेतच खाल्ला जातो. बुडबुडे मात्र वेगाने निघून जातात. कोरडवाहू व जंगलातील जमिनीत राहणारे काही जिवाणू तर हवेत दहा लाख भागांत जेमतेम दोन भाग असलेला मिथेनही शोषून घेतात.

आपल्याकडील भात जमिनींतही हे जिवाणू आहेत. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेतील शास्त्रज्ञांनी भात खाचरातून वेगळ्या केलेल्या, काकडीच्या आकाराच्या अशा एका जिवाणूचे २०१८ साली वर्णन केले. त्याला मिथायलोकुकुमिस ओरायझी असे नाव दिले आहे.

शेतकऱ्यांनी काय करावे?

जिवाणू जमिनीत आहेतच. उणीव आहे ती प्राणवायूची. हवा नसलेल्या चिखलात बाहेरून जिवाणू सोडूनही ते काम करणार नाहीत. पाणी आलटून पालटून दिल्यास जमिनीत हवा शिरते, मिथेन तयार होणे मंदावते व खाणाऱ्या जिवाणूंना वाव मिळतो.

१) सुमारे ३० सें.मी. लांबीच्या पीव्हीसी पाईपच्या खालच्या अर्ध्या भागास भोके पाडावीत. तो भाग जमिनीत पुरावा व आतील माती काढून टाकावी. आत डोकावले की पाण्याची पातळी कळते.

२) पुनर्लागणीनंतर सुमारे दोन आठवडे उथळ पाणी ठेवावे. तणांचा जोर असल्यास आणखी आठवडाभर ठेवावे.

३) त्यानंतर पाणी आटू द्यावे. पाईपमधील पातळी जमिनीखाली १५ सें.मी. गेली की पुन्हा सुमारे ५ सें.मी. पाणी भरावे.

४) फुलोऱ्याच्या आधी एक आठवडा व नंतर एक आठवडा पाणी कमी पडू देऊ नये, अन्यथा पळिंज वाढते.

५) युरियाचा हप्ता पाणी आटलेले असताना देऊन लगेच पाणी भरावे. नत्र देऊन जमीन सुकू दिल्यास नत्र वायुरूपाने वाया जाते व त्यातून मिथेनपेक्षाही घातक असा नायट्रस ऑक्साइड तयार होतो.

६) ओला पेंढा चिखलात गाडू नये. त्याचे कंपोस्ट करून घालावे. शेण गोबरगॅस संयंत्रात वापरल्यास मिथेन चुलीत जळतो व मळी शेताला मिळते.

कोठे करावे, कोठे करू नये?

पाणी हाती असलेल्या उन्हाळी भाताला ही पद्धत उत्तम. पूर्व विदर्भात तलाव किंवा विहिरीचे पाणी वेळेवर मिळत असल्यास बांध्यांतही ती करता येते. कोकणात खरिपात सतत पाऊस असताना खाचर सुकणे कठीण. तेथे उघडीप मिळेल तेव्हा बांधाची मोरी उघडून एक-दोनदा पाणी काढले तरी उपयोग होतो. खार जमिनीत मात्र पाणी आटवू नये, क्षार वर येतात. भारी काळ्या जमिनीत रुंद भेगा पडेपर्यंत थांबू नये.

या पद्धतीत खाचरातील मिथेन बराच कमी होतो, पाण्याची बचत होते व पंपाचा खर्च वाचतो. सुरुवातीस एकाच खाचरात ही पद्धत वापरावी, शेजारच्या खाचरात नेहमीप्रमाणे पाणी ठेवावे. दोन्हींच्या पाणीपाळ्या व उत्पादन यांची नोंद ठेवून फरक पाहावा आणि मगच क्षेत्र वाढवावे.