स्वस्त मेकॅनिकल कीबोर्ड: रंगाआधी काय पाहावं

मेकॅनिकल कीबोर्ड घ्यायचा म्हटलं की पहिला प्रश्न हमखास रंगाचा येतो: निळा घेऊ, लाल घेऊ की ब्राऊन? खरं तर त्याची पाळी बरीच नंतर यायला हवी. तीन ते पाच हजारांत सगळंच उत्तम मिळत नाही. म्हणून जे पुढे बदलता येणार नाही ते आधी पारखायचं आणि जे बदलता येतं त्याची काळजी मागाहून करायची, असा माझा आग्रह आहे. कळांची मांडणी, लांब कळांचा पक्केपणा आणि स्विच काढण्याघालण्याची सोय या गोष्टी एकदा घेतल्या की घेतल्या. स्विच मात्र बदलता येतात, पण ती सोय असेल तरच.

आत काय असतं

साध्या मेम्ब्रेन कीबोर्डात कळांखाली रबराच्या छोट्या घुमटांची एक चादर असते. कळ दाबली की घुमट खाली बसतो, त्याखालचे प्लॅस्टिकचे दोन पातळ थर एकमेकांना टेकतात आणि अक्षर उमटतं. त्यासाठी कळ जवळजवळ तळापर्यंत दाबावी लागते. शिवाय रबर जुनं होत गेलं की प्रत्येक कळ बोटाला वेगळी लागायला लागते.

मेकॅनिकल कीबोर्डात प्रत्येक कळीला तिचा स्वतंत्र स्विच असतो. प्लॅस्टिकच्या घरात एक स्प्रिंग, वरखाली होणारा दांडा आणि धातूच्या दोन पात्या, एवढाच त्याचा संसार. नेहमीच्या स्विचमध्ये कळ एकूण 4 मिलिमीटर खाली जाते, पण अक्षर साधारण 2 मिलिमीटरवरच उमटतं. सवय झाली की बोट तळापर्यंत आपटावं लागत नाही. दिवसभर टाइप करणाऱ्यांच्या बोटांना खरा आराम इथे मिळतो.

ही रचना रूढ केली ती चेरी या जर्मन कंपनीच्या एमएक्स स्विचनी, 1980 च्या दशकात. 2014 च्या सुमारास त्यांच्या पेटंटची मुदत संपली आणि गॅटरॉन, कैल्ह, आउटेमू या चिनी कंपन्यांचे त्याच मापाचे स्विच बाजारात झपाट्याने पसरले. आज कमी किमतीत खरा मेकॅनिकल कीबोर्ड मिळतो तो त्यामुळे. या सगळ्यांच्या खोक्यांवर 5 कोटी, 10 कोटी दाबांचे आयुष्य छापलेलं असतं. त्या आकड्यांवरून निवड करू नका. स्वस्त कीबोर्डात बहुतेकदा स्विचच्या आधी दुसरंच काहीतरी कुरकुरायला लागतं.

तीन जाती

लिनियर स्विच वरून खालपर्यंत एकसारखा सरळ जातो, मध्ये अडथळा नसतो. चेरीचा लाल त्यातला सर्वांत परिचित, दाब सुमारे 45 ग्रॅम. काळाही लिनियरच, पण 60 ग्रॅमचा; तो बोटांना जड जातो. हलक्या हाताने भरभर टाइप करणाऱ्यांना आणि गेम खेळणाऱ्यांना ही जात आवडते. नव्या माणसाला मात्र सुरुवातीला नुसतं बोट टेकलं तरी अक्षर उमटल्याचा त्रास होतो.

टॅक्टाइल स्विचमध्ये दांड्यावर छोटा उंचवटा असतो. अक्षर उमटण्याच्या जागी बोटाला हलका अडसर जाणवतो, म्हणजे कळ लागली हे डोळ्यांनी न बघता कळतं. चेरीचा ब्राऊन हा या जातीचा प्रतिनिधी समजला जातो. माझ्या मते ही समजूत जातीवर अन्याय करते, कारण ब्राऊनचा उंचवटा फारच पुसट आहे. त्याच्या स्वस्त नकलांमध्ये तर कित्येकांना तो जाणवतही नाही. ब्राऊन वापरून कुणी 'टॅक्टाइल मला पटत नाही' म्हणालं, तर त्यांनी ठळक उंचवट्याचा एखादा स्विच दाबून पाहावा आणि मगच ठरवावं.

क्लिकी स्विचमध्ये अडसर असतोच, शिवाय मुद्दाम घडवलेला 'टिक्' आवाज असतो. चेरीच्या निळ्यात दांड्याचे दोन भाग असतात आणि त्यातला एक झटक्यात खाली सरकतो, तो हा आवाज. कैल्हच्या बॉक्स व्हाइटमध्ये हेच काम एक बारीक तार करते. तिचा टिक् जास्त धारदार आणि नेमका असतो. सरकारी कचेऱ्यांत आणि टायपिंगच्या वर्गांत वर्षानुवर्षं वाजत आलेला चेन्नईच्या टीव्हीएस इलेक्ट्रॉनिक्सचा 'गोल्ड' कीबोर्ड याच निळ्या घराण्यातला. ज्यांची बोटं जुन्या टाइपरायटरवर घडली, त्यांना अजूनही हीच जात जवळची वाटते, आणि ते रास्त आहे.

रंग ही खात्री नव्हे

रंगांना सर्वमान्य नियम नाही. चेरीचा हिरवा हा 80 ग्रॅमचा दणकट क्लिकी, तर रेझरचा हिरवाही क्लिकीच, पण दाब 50 च्या आसपास. गॅटरॉनचा पिवळा 50 ग्रॅमचा गुळगुळीत लिनियर आहे आणि कमी पैशांत घेण्यासारख्या स्विचमध्ये मी त्याला फार वर ठेवतो. म्हणून खोक्यावर रंगाबरोबर कंपनीचं नाव, जात आणि दाब या तिन्ही गोष्टी शोधा.

आवाजाचा प्रश्न

एकाच खोलीत कुणी अभ्यास करतं, कुणी झोपतं, कुणी मीटिंगवर बोलतं. अशा घरात क्लिकी स्विच घेऊ नये, हे मी ठामपणे सांगेन. कीकॅपच्या, म्हणजे कळीवरच्या टोपीच्या, आत बसवायच्या रबरी चकत्या मिळतात, पण त्यांनी फक्त तळाला आपटण्याचा आवाज मऊ होतो. टिक् तसाच राहतो. लिनियर म्हणजे शांत हाही गैरसमज आहे. पोकळ खोक्यात बसवलेला लाल स्विचही चांगलाच खडखडतो. आत फोमचा थर असलेला कीबोर्ड आणि खाली जाडसर डेस्क मॅट, एवढ्याने बराच फरक पडतो. त्याहून शांतता हवी असेल तर दांड्याला रबर लावलेले सायलेंट स्विच येतात. थोडे महाग पडतात, पण रात्री काम करणाऱ्यांना ते घ्यायला हरकत नाही.

मराठी टाइप करणाऱ्यांनी शिफ्ट दाबून पाहावी

हा मुद्दा कीबोर्डांच्या चर्चेत क्वचित येतो, आणि मराठीत लिहिणाऱ्यांसाठी तो सर्वांत महत्त्वाचा आहे. मराठी टाइप करण्याच्या इनस्क्रिप्ट मांडणीत क आणि ख एकाच कळीवर असतात. ख साठी शिफ्ट धरावी लागते. तसंच त-थ, प-फ, द-ध, स-श, म-ण, ल-ळ. 'शाळेला घड्याळ आणलं' हे तीन शब्द टाइप करताना शिफ्ट सहा वेळा दाबावी लागते: श, ळ, घ, ळ, आ आणि ण यांसाठी. इंग्रजीत तेवढ्याच मजकुराला ती एकदा पुरते.

शिफ्ट, स्पेस, एंटर आणि बॅकस्पेस या लांब कळा. त्या एका बाजूला कलू नयेत म्हणून त्यांच्या दोन्ही टोकांना तारेचे स्टेबिलायझर असतात, आणि स्वस्त कीबोर्डात पैसे वाचवले जातात ते बहुधा इथेच. तार सैल असली की कळ खुळखुळते, टोकाला दाबली तर अडकते. मुंबईत लॅमिंग्टन रोडसारख्या बाजारात हाताळून घेण्याची संधी असेल, तर अक्षरांच्या कळा सोडा. दोन्ही शिफ्ट आणि स्पेस, मध्यावर आणि मग दोन्ही टोकांना दाबून पाहा.

आणखी एक बारकावा. इनस्क्रिप्टमध्ये स्वर डाव्या हाताला आणि बहुतेक व्यंजनं उजव्या हाताला असतात. त्यामुळे ख, ध, फ साठी डावी शिफ्ट, तर आ, इ, ई साठी उजवी शिफ्ट सोयीची. छोट्या आकाराच्या काही कीबोर्डांत बाणांच्या कळांना जागा करण्यासाठी उजवी शिफ्ट आखूड केलेली असते. ज्यांच्या उजव्या करंगळीची सवय पक्की बसलेली आहे, त्यांना ती सारखी चुकवते.

महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषदेच्या संगणक टायपिंगच्या परीक्षेसाठी 30 किंवा 40 शब्दांचा वेग साधणाऱ्यांना एक सूचना. परीक्षेत केंद्रावर समोर येईल तो कीबोर्ड वापरायचा असतो. घरचा सराव मेकॅनिकलवर जरूर करा, पण परीक्षेआधीचे काही आठवडे साध्या कीबोर्डावरही रोज हात चालवा.

किती कळा हव्यात

पूर्ण कीबोर्ड 104 कळांचा, आकड्यांचा भाग काढला की 87 चा, आणखी आवळला की 84, 68 किंवा 61 चा. टॅली किंवा एक्सेलवर काम असेल तर पूर्णच घ्या. लेखन, संपादन, कोडिंग यांना 87 किंवा 84 पुरतात आणि माउस हाताजवळ येतो. 61 कळांत बाणच नसतात. मजकूर तपासणाऱ्याने त्या वाटेला जाऊ नये.

हॉट-स्वॅप: इथे पैसे घाला

हॉट-स्वॅप म्हणजे सोल्डरिंग न करता स्विच उपटून दुसरा बसवता येणं. उन्हाळ्यात धूळ, पावसाळ्यात दमट हवा. कोकणात किंवा गोव्यात राहणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको. स्वस्त स्विचच्या पात्यांवर त्याचा परिणाम झाला की एकदा दाबलेलं अक्षर दोनदा उमटतं. हॉट-स्वॅप असेल तर काही रुपयांचा एक स्विच बदलून काम भागतं. नसेल तर सोल्डरिंगवाला शोधा. कैल्हच्या बॉक्स स्विचमध्ये संपर्काची जागा बंद डबीत असते, त्यामुळे धूळ आणि ओल यांना तो जास्त दाद देत नाही.

खरेदीआधी एक विचारा: सॉकेट कुठले? काही स्वस्त कीबोर्डांतली आउटेमू सॉकेटं अरुंद असतात आणि त्यांत फक्त बारीक पायांचे आउटेमूचेच स्विच बसतात. शिवाय स्विच 3 पिनांचे आणि 5 पिनांचे येतात. जादाचे दोन पाय प्लॅस्टिकचे असतात; गरज पडली तर नेलकटरने कापता येतात. स्विच बसवताना पिना सरळ आहेत ना हे पाहून उभा दाबा, नाहीतर वाकतात.

कीकॅप आणि वायर

एबीएस प्लॅस्टिक लवकर तुळतुळीत होतं, पीबीटी खरखरीत राहतं आणि जास्त टिकतं. अक्षर वरून रंगवलेलं नसून 'डबल-शॉट', म्हणजे वेगळ्या प्लॅस्टिकचं ओतलेलं असेल, तर ते झिजून जात नाही. टेबलावरच बसणार असाल तर ब्लूटूथवर पैसे खर्चू नका. सुटी होणारी टाइप-सी वायर पुरे.

'मेकॅनिकल फील'

हजाराच्या आतबाहेर मिळणाऱ्या रंगीत दिव्यांच्या कीबोर्डांवर 'मेकॅनिकल फील' किंवा 'सेमी-मेकॅनिकल' असं लिहिलेलं असतं. आत रबरच असतं. कीकॅपखाली अधिकचं चिन्ह दिसलं म्हणून फसू नका, काही रबरी कीबोर्डांतही ते असतं. वर्णनात स्विचच्या कंपनीचं नाव नसेल तर पुढे जाऊ नका.

हाती आल्यावर

मेकॅनिकल कीबोर्ड लॅपटॉपच्या कळांपेक्षा बराच उंच असतो. मागचे पाय उघडले तर मनगट आणखी वर वाकतं, म्हणून ते मिटलेलेच ठेवा आणि खुर्ची थोडी उंच करा. परत करण्याची मुदत संपण्याआधी कोऱ्या पानावर प्रत्येक कळ दहा-बारा वेळा, हलकी आणि जोरात, दोन्ही प्रकारे दाबा. एखादं अक्षर दुहेरी उमटलं किंवा गळलं तर तो स्विच दुसऱ्या जागी लावून बघा. दोष स्विचबरोबर हलला तर स्विच बदला. जागेवरच राहिला तर कीबोर्ड परत करा.