लोणावळा खोक्यात मिळत नाही!

ठोकळ्यांची गावं आणि आगगाड्या जोडायला आवडतात? मग दरवेळी डेन्मार्कमधलं स्टेशन कशाला? आपला बोरघाट बांधा की! हिशोब सोपा आहे, बजेट अवघड आहे आणि अभ्यासाला पुणे-लोणावळा लोकलचं तिकीट पुरेसं आहे.

कुठल्याही मोठ्या टॉय शॉपमध्ये लेगोच्या रॅकसमोर उभे राहा. फायर स्टेशन आहे, पोलीस स्टेशन आहे, टुमदार युरोपियन कॅफे आहे, बर्फात धावणारी ख्रिसमसची आगगाडीसुद्धा आहे. नाही ते काय? मंगलोरी कौलांचं स्टेशन नाही. पावसाळ्यात निळं प्लॅस्टिक ताणलेली भुट्ट्याची गाडी नाही. चिक्कीच्या दुकानांची रांग नाही आणि घाटात गाडीला मागून ढकलणारं इंजिनही नाही. जगातलं कुठलंही गाव खोक्यात बसवणाऱ्या कंपनीने आपलं गाव मात्र बसवलेलं नाही.

वाईट वाटून घेऊ नका. या छंदातली खरी मजा तिथूनच सुरू होते. खोक्यातल्या सूचना बघून जोडणं ही झाली पहिली पायरी. पुढची पायरी म्हणजे 'एमओसी', अर्थात 'माय ओन क्रिएशन': सूचना नाहीत, चित्र नाही, सगळं तुमच्या डोक्यातून.

हे आपल्याला नवीन नाही

लेगो कंपनी १९३२ मध्ये डेन्मार्कमधल्या बिलुंड गावात एका सुताराने सुरू केली. सुरुवातीला लाकडी खेळणी होती. आज आपण ओळखतो त्या ठोकळ्याचं पेटंट २८ जानेवारी १९५८ चं. तेव्हाचा ठोकळा आजच्या ठोकळ्यात अजूनही घट्ट बसतो. लेगोच्या आगगाड्या आल्या १९६६ मध्ये आणि हातपाय हलवणारा तो पिवळ्या चेहऱ्याचा बाहुला आला १९७८ मध्ये.

पण छोटं गाव उभं करायची हौस आपल्याला डेन्मार्ककडून शिकावी लागली नाही. दिवाळीत अंगणात माती कालवून किल्ला केलाय ना? विटांवर पोतं टाकायचं, वर चिखल थापायचा, अहळीव किंवा मोहरी पेरून हिरवळ उगवायची, पायथ्याशी गाव, विहीर, शेत मांडायचं आणि बुरुजावर मावळे. त्या चित्रांना 'मावळे' म्हणतो तेही या मावळातल्या माणसांवरूनच. म्हणजे मॉडेल-मेकिंगचा पहिला धडा तुमचा झालेला आहे. फक्त दिवाळीनंतर तो किल्ला विरघळतो, ठोकळ्यांचं गाव टिकतं.

रेल्वेचं म्हणाल, तर पुण्यात कोथरूडला कर्वे रोडजवळ जोशींचं लघुरेल्वे संग्रहालय आहे. बी. एस. तथा भाऊ जोशी यांनी हयातभर जपलेल्या छंदातून ते उभं राहिलं आणि १९९८ मध्ये लोकांसाठी खुलं झालं. ते ठोकळ्यांचं नाही, धातू-प्लॅस्टिकच्या मॉडेल गाड्यांचं आहे. पण गाव आणि रेल्वे एकत्र कशी नांदवायची, हे बघायला त्याच्यासारखी जागा नाही. तिथे गेलात तर फक्त गाड्या बघत बसू नका. सिग्नल कुठे आहेत, रस्ता रुळांना कुठे छेदतो, अंधार झाल्यावर कुठले दिवे आधी डोळ्यांत भरतात, ते बघा. गाडी सगळेच बनवतात. गाव जिवंत होतं ते या बाकीच्या गोष्टींनी.

थोडं गणित, पण मजेचं

आपल्या ब्रॉडगेज रुळांमधलं अंतर १६७६ मिलिमीटर, म्हणजे साडेपाच फूट. लेगोच्या दोन रुळांमधलं अंतर साधारण साडेसदतीस मिलिमीटर. भागाकार केला की उत्तर येतं ४५ च्या आसपास. म्हणजे लेगोच्या रुळावर आपली रेल्वे बांधायची तर माप झालं १:४५. युरोपातल्या रुळांमधलं अंतर कमी, १४३५ मिलिमीटर. त्यामुळे त्यांच्यासाठी हेच माप १:३८ पडतं. आता लेगोचा बाहुला बघा. तो जेमतेम चार सेंटिमीटर उंच. १:४५ ने तो होतो पावणेसहा-सहा फुटी माणूस, १:३८ ने पाच फुटी. थोडक्यात, तो बाहुला आपल्या रेल्वेच्या मापाला जास्त शोभतो!

आता डबा घ्या. नवीन एलएचबी डब्याची लांबी साडेतेवीस मीटर. या मापाने तो अर्ध्या मीटरहून मोठा होतो, म्हणजे ठोकळ्यांवरच्या गोल खुंट्या मोजल्या तर साधारण ६५. सोळा डब्यांची गाडी केली, तर आठ मीटरच्या पुढे. वन बीएचकेमध्ये ती हॉलमधून निघून किचनमार्गे बाल्कनीत पोहोचेल. आणि लेगोच्या नेहमीच्या वळणाची त्रिज्या ४० खुंट्या, म्हणजे जेमतेम ३२ सेंटिमीटर. एवढा लांब डबा तिथे वळायचाच नाही.

बोरघाटाचं तर विचारूच नका. घाट चढणारा मूळ लोहमार्ग सुमारे २५ किलोमीटरचा आणि चढ १८३१ फुटांचा. १:४५ ने बांधायचा तर ५६० मीटर लांब हॉल आणि चार मजली उंची हवी!

म्हणून मॉडेल करणाऱ्याला पहिला निर्णय घ्यावा लागतो तो काय गाळायचं याचा. डबा ३२ किंवा ४० खुंट्यांचा करायचा, गाडी चार डब्यांची. घाटातला एकच तुकडा निवडायचा. पण कुठला?

टेबलावर मावणारा घाट

उत्तर दीडशे वर्षांपूर्वीच्या इंजिनिअरांनी देऊन ठेवलंय. १८६३ मध्ये बोरघाटाची रेल्वे सुरू झाली, तेव्हा खंडाळ्याच्या खाली डोंगराच्या सोंडेवर गाडी वळवायला जागाच नव्हती. म्हणून त्यांनी 'रिव्हर्सिंग स्टेशन' बांधलं. गाडी चढून यायची, थांबायची, इंजिन दुसऱ्या टोकाला लागायचं आणि गाडी उलट दिशेने वरच्या मार्गावर निघायची. इंग्रजी 'व्ही' आडवा ठेवल्यासारखा मार्ग. १९२९ मध्ये नवा मार्ग झाला आणि ते स्टेशन बंद पडलं.

तुमच्या टेबलाची अडचण तीच आहे ना? वळायला जागा नाही! मग तोच उपाय करा. एक सांधा, दोन फाटे, एक खालून येणारा, एक वर जाणारा. गोल चक्कर मारणाऱ्या गाडीपेक्षा ही गाडी बघायला कितीतरी भारी वाटते, कारण तिला खरोखर कुठेतरी जायचं असतं.

चढाचंही गणित जमतं. बोरघाटात सगळ्यात कडक चढ ३७ ला १ आहे, म्हणजे ३७ मीटर पुढे गेल्यावर एक मीटर वर. लेगोचा सरळ रूळ १२८ मिलिमीटरचा आणि सगळ्यात पातळ 'प्लेट' ३.२ मिलिमीटरची. प्रत्येक रुळाखाली एकेक प्लेट वाढवत गेलात, तर चढ येतो ४० ला १. जवळजवळ बोरघाटच!

आता एका मोटरची गाडी सोडा. डबे वाढवत गेलात की एका क्षणी चाकं जागच्या जागी फिरायला लागतात. मग शेवटच्या डब्यामागे दुसरी मोटर लावा. गाडी चढते. कर्जतला पुण्याकडे येणाऱ्या गाड्यांना मागून जोडतात ती 'बँकर' इंजिनं हेच काम करतात. पुस्तकात वाचून जे डोक्यावरून जातं, ते इथे बोटांना कळतं.

इंजिन कुठलं घ्यायचं? घाटात वीज आली आणि तिच्यासोबत आलं डब्ल्यूसीजी-१ जातीचं इंजिन. दोन्हीकडे बुटकी लांब नाकं, मधे केबिन, चाकांना जोडणारे दांडे आणि डुलत चालण्याची तऱ्हा. म्हणून लाडाचं नाव 'खेकडा'. त्यातला एक मुंबईत नेहरू विज्ञान केंद्रात आणि एक दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात आहे. गंमत म्हणजे त्याच्या स्वित्झर्लंडमधल्या भावंडाला 'मगर' म्हणतात आणि लेगोने २०२० मध्ये त्या मगरीचा १२७१ तुकड्यांचा सेट काढला होता. म्हणजे मगर खोक्यात आली, खेकडा मात्र तुम्हालाच बनवावा लागणार.

बाहुले कोण कोण?

लेगोच्या गावात पोलीस, फायरमन, पिझ्झावाला असतो. आपल्या गावात कोण असेल? गाव बांधताना हा प्रश्न टाळता येत नाही.

पावसात रुळांवरून चालत तपासणी करणारा ट्रॅकमन हवा. दरडींचे सैल दगड आधीच पाडणारी 'हिल गँग' हवी. भातखाचरात वाकून लावणी करणाऱ्या बायका हव्यात. मळवलीला उतरून लोहगडाकडे निघालेला, पाठीवर सॅक टाकलेला ग्रुप हवा.

आणि त्याआधीची माणसंही हवीत. बोरघाटाचं काम जोरात होतं तेव्हा, १८६१ मध्ये, तिथे चाळीस हजारांहून जास्त मजूर राबत होते. पटकी, ताप आणि अपघातांत त्यातले हजारो मेले. कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल इथे आल्यावर काही आठवड्यांतच आजारपणात गेला. कंत्राट पुढे त्याच्या बायकोने, अॅलिस ट्रेडवेलने, आपल्या नावावर चालवलं. तिचं नाव तरी इतिहासात आलं. डोंगराच्या अंगाला दोर बांधून सुरुंगाची भोकं पाडणाऱ्यांची नावं कुठल्याच बोगद्यावर नाहीत. बोगदा हा करड्या ठोकळ्यांची कमान आहे, असं वाटत असेल, तर त्या कमानीशी चार बाहुले पहार घेऊन उभे करा. बघणारा नक्की विचारेल, हे कोण?

पण पैशाचं काय?

खरं बोलूया. हा छंद स्वस्त नाही. २०२० च्या अर्थसंकल्पात खेळण्यांवरचं आयात शुल्क २० टक्क्यांवरून थेट ६० टक्के झालं, २०२३ मध्ये ७० टक्के. देशी खेळणी बनवणाऱ्यांना त्यातून आधार द्यायचा होता. पण पॉकेटमनीवर जगणाऱ्याने परदेशी सेटची किंमत बघून खोकं परत रॅकवर ठेवावं, हेही त्यासोबत आलंच. 'आवड असली की सवड मिळते' हे ठीक आहे, आवडीने ठोकळे मिळत नाहीत.

म्हणून काही जुगाड. डोंगर ठोकळ्यांचा करूच नका. पुठ्ठा, वर्तमानपत्राचा लगदा आणि रंग यांचा करा. ठोकळे फक्त स्टेशन आणि गाडीला ठेवा. एकट्याने गाव बांधण्यापेक्षा चौघांनी एकेक स्टेशन वाटून घ्या: वडगाव, कान्हे, कामशेत, मळवली. टोकांना रुळांची उंची सारखी ठेवा, म्हणजे सुट्टीत चारही टेबलं जोडली की लाइन तयार. लहानपणीचे माळ्यावर पडलेले ठोकळे भावंडांकडून, मित्रांकडून गोळा करा.

आणि अगदी शून्य बजेट असेल, तर लॅपटॉप उघडा. 'ब्रिकलिंक स्टुडिओ' हे सॉफ्टवेअर फुकट आहे. हवे तितके ठोकळे, हवा तो रंग. शेवटी कुठले तुकडे किती लागतील याची यादीही तेच देतं. आधी तिथे खेकडा जमवा, मग परवडेल तसा खरा करा.

आधी लोकल पकडा

सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात महत्त्वाचं काम यापेक्षा वेगळं आहे. एका रविवारी लोकलने लोणावळ्याला जा. वही आणि पेन्सिल घ्या. प्लॅटफॉर्मच्या छपराला खांब किती? दोन खांबांमध्ये पावलं किती? काळ्या दगडाच्या भिंतीत चुन्याची रेघ किती जाड दिसते? चिक्कीच्या दुकानाची पाटी कुठल्या रंगाची आणि दुकानापेक्षा किती मोठी? मोबाईलने फोटो काढाच, पण मोजाही. (रुळांवर मात्र उतरायचं नाही. प्लॅटफॉर्मवरून सगळं दिसतं.)

कारण इथलं खूप काही झपाट्याने बदलतंय. एक्स्प्रेस-वेवरून जाताना वर्षानुवर्षं डोक्यावरून गेलेला ब्रिटिशकालीन अमृतांजन पूल आठवतोय? एप्रिल २०२०, सगळे घरात, आणि तो पाडला गेला. त्याच्या खालून आपण शेकडो वेळा गेलो असू. कमानी किती होत्या, सांगता येईल? ज्याने कधी तो पूल ठोकळ्यांत बांधायला घेतला असेल, त्याला आजही सांगता येईल.

लोकलचं टाइमटेबल बघा, वही घ्या. पहिला खांब मोजून झाला की समजा, बांधकाम सुरू झालं.